गडद निळा की फिकं क्रीम? रंग ठरवताना या चुका टाळा

शेडकार्डावरचा दोन बोटांचा चौकोन बघून अख्खी खोली ठरवणारे लोक काही कमी होत नाहीत. चौकोनात भारदस्त वाटणारा राखाडी-निळा चारही भिंतींवर गेला की अंगावर येतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. गडद आणखी गडद होतो, क्रीम आणखी पिवळं.

त्यात दिवे. ओळखीतल्या एका जोडप्याने दुकानातल्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली असाच निळा पसंत केला. घरी बेडरूममध्ये २७०० केल्विनचे पिवळे दिवे. दिवसा भिंत झकास, रात्री मात्र मळकट, काळपट. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाशच कमी असतो, भिंत परत काय देणार? पण दोघांनी रंगाऱ्यालाच धारेवर धरलं, ‘डबा बदललास’ म्हणून. मी ६५०० केल्विनचा, दुकानासारख्या पांढऱ्या उजेडाचा एक बल्ब नेऊन लावला, आणि कार्डावरचा निळा हजर! रंगारी सुटला. पण त्या उजेडात झोपणार कोण? खोली पुन्हा रंगवावी लागली.

मी नमुना थेट भिंतीवर लावतच नाही; जुन्या रंगाशेजारी डोळा फसतो. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर कडेपर्यंत दोन हात मारायचे, पूर्ण वाळू द्यायचं (इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं) आणि पुठ्ठा भिंतीभिंतीवर फिरवायचा. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं विचारणाऱ्यांना दोनदा रंगवायला मात्र वेळ मिळतो.

‘खोली लहान, म्हणून फिकाच’ हे पाठांतर सोडा. उजेडच नसेल तर क्रीमही आजारी दिसतं. थेट ऊन न येणाऱ्या खोलीतला उजेड मुळात निळसर असतो. तिथे थंड राखाडी लावला की खोली गारठते. कार्डावर एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, दिला असेल तर तो बघा: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. १० च्या आसपासचा रंग घेतलात तर दिवे वाढवायची तयारी ठेवा.

क्रीमच्या डोक्यावर निळसर पांढरं छत नको, क्रीम मळकं वाटतं.

गडदावर फिका चढवताना प्रायमर वाचवू नका. गडद लावायचा तर प्रायमर राखाडी टिंट करून घ्या, नाहीतर हातावर हात मारत बसाल. गडदाला चकचकीत फिनिश दिलं की पुट्टीचे खड्डे मोजता येतात, मॅट दिलं की हात घासला तरी चट्टा उठतो. मी सॅटिनवर, म्हणजे मधल्या मंद चमकेवर थांबतो, तेही पुट्टी नीट घासलेली असेल तर.