जुन्या ओव्हरड्राइव्ह पेडलची घरी केलेली दुरुस्ती

परभणीच्या एका वाद्यवृंदातील गिटारवादकाकडून मी स्वस्तात घेतलेले ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटल्यासारखा करणारी, पायाने चालवायची पेटी) बंदच होते. अडॅप्टर जोडला तरी दिवा लागत नसे, मात्र अडॅप्टर तापत असे. ही खूण बोलकी होती. बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्यांच्या पिनेत ऋण टोक मध्यभागी असते, तर इतर उपकरणांच्या अडॅप्टरांत ते बहुधा बाहेर असते. असा उलटा अडॅप्टर जोडल्यास पुरवठ्याला समांतर बसवलेला संरक्षक डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) सारा प्रवाह स्वतःवर घेतो आणि पुष्कळदा कायमचा शॉर्ट होतो.

मल्टीमीटरने दोन्ही दिशांना शॉर्ट दाखवला. तरीही डायोडचा एक पाय सुटा करून पुन्हा मोजले, कारण सर्किटमधील इतर भाग मापनात फसवू शकतात. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळणारा १एन४००७ डायोड, त्यावरची पट्टी धन बाजूस ठेवून, डाखला आणि दिवा लागला.

आवाजाची खुंटी फिरवताना होणारी खरखर राहिली होती. आमच्याकडच्या उन्हाळ्यातील धूळ कुठेही शिरते. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा फवारा) मारून खुंटी अनेकदा फिरवल्यावर खरखर गेली. तेथे शिवणयंत्राचे तेल घालण्याचा सल्ला मात्र मला मुळीच पटत नाही.