कडेच्या नटाचा माग काढायची रीत

मी सांगलीत हौशी नाटकांना तोंडं रंगवतो. नायकाला माझ्याकडून फारसं काही लागत नाही. थोडा पॅनकेक, भुवया नीट, झालं. खरी मेहनत सासऱ्यावर, सावकारावर, फौजदारावर. त्यामुळं सिनेमा बघतानाही माझी नजर आधी कडेच्या माणसाकडं जाते. भावे नाट्यमंदिरात विंगेमागं बसलेली पोरं विचारतात, "काका, ते जपानी मूकपट बघायचे तर सुरुवात कुठनं करायची?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात दिग्दर्शकापासून नको, नटापासून करा. आणि नटही देखणा नको. साकामोतो ताकेशी हा माणूस धरा. जन्म १८९९ चा. शोचिकु कंपनीनं १९२० साली तोक्योच्या दक्षिणेला कामाता इथं स्टुडिओ काढला, तिथला हा नट. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांसारखाच कारभार. नट कंपनीचा, भूमिका कंपनी देईल ती. म्हणून अशा माणसाची कारकीर्द सलग बघता येते. ओझु यासुजिरो या दिग्दर्शकाच्या सिनेमांत (पुढं सांगतोय ते सगळे त्याचेच) तर तेच पाच-सहा चेहरे वर्षानुवर्षं दिसतात, फक्त कपडे आणि वय बदलतं.

शोधताना नाव दोन्ही तऱ्हांनी टाका. जपानी लोक आडनाव आधी लावतात, इंग्रजी याद्यांत ते उलटं असतं. जपानी लिपीत या नावाची तीनच अक्षरं आहेत, ती कागदावर उतरवून घ्या. श्रेयनामावली सुरुवातीलाच येते, उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडं. एकदा अक्षरं डोळ्यांत बसली की कुठल्याही यादीत हा माणूस सापडतो.

पहिला सिनेमा १९३२ चा, 'उमारेते वा मिता केरेदो'. यात साकामोतो साहेब आहे आणि साइतो तात्सुओ त्याच्या हाताखालचा नोकरदार. साहेबाच्या घरी हौशी फिल्म दाखवतात, तिच्यात हा नोकरदार वेडीवाकडी तोंडं करताना दिसतो आणि त्याची दोन पोरं शरमेनं काळवंडतात. पोरांवर लक्ष जाणारच, पण दुसऱ्यांदा बघाल तेव्हा साहेबाकडं बघा. त्या वेळी तो बत्तीस वर्षांचा होता. कितीचा वाटतो? आता फिल्म थांबवा आणि का वाटतो ते शोधा. माझ्या धंद्यातलं सांगतो: म्हातारपण सुरकुत्यांनी येत नाही, मानेनं आणि बसण्यानं येतं. मी काढलेल्या सुरकुत्या तिसऱ्या रांगेच्या मागं दिसतही नाहीत, आणि कॅमेरा तर इतका जवळ येतो की पेन्सिलची रेघ लगेच पकडतो.

मग १९३३ चा 'देकिगोकोरो'. इथं कडेचा माणूस एकदम मधोमध येतो. किहाची नावाचा बिनशिकलेला मजूर, बायको नाही, पदरी हुशार पोरगा. सुरुवातीचा प्रसंग नीट बघा. शामिसेन या जपानी तंतुवाद्याच्या साथीवर कोणी कथा गातंय, लोक दाटीवाटीनं बसलेत. खाली पडलेलं एक पाकीट जो तो उचलतो, रिकामं बघून फेकतो. किहाचीही फेकतो, पण मग मनात येतं की हे आपल्यापेक्षा बरं आहे, आणि तो अदलाबदल करतो. त्यात पिसवा चावायला लागतात. एका शब्दाविना अख्खा माणूस कळतो. अंग खाजवणं, मांडी, खांदे यांची नोंद वहीत करा, कारण पुढं तेच परत येणार आहे.

आवाज बंद ठेवा. जपानात पडद्याशेजारी उभा राहून बेन्शी गोष्ट सांगायचा. आता जे संगीत ऐकू येतं ते बहुतेक वेळा मागाहून चिकटवलेलं असतं आणि कुठं हसायचं तेही सांगून टाकतं. माणसं तुरुतुरु चालताना दिसली तर वेग थोडा कमी करा, नाहीतर नटाची चाल कळायचीच नाही.

'उकिगुसा मोनोगातारी' (१९३४) सांगलीकरानं सोडूच नये. किहाची इथं फिरत्या नाटक मंडळीचा मालक. गावात जुनी बाई आणि तिच्यापासून झालेला मुलगा आहे, पण मुलाला बाप माहीत नाही. प्रयोगात एक पोरगा कुत्रा होऊन येतो आणि भलताच गोंधळ घालतो. पाऊस लागतो, थिएटर गळतं, मंडळी मोडते. मालक हे कसं सोसतो ते चेहऱ्यावर नाही, पाठीवर बघा.

१९३५ च्या 'तोक्यो नो यादो'मध्ये तोच किहाची बेकार, दोन पोरांना घेऊन कारखान्यांच्या माळावर भटकतो. भुकेल्या पोटी बापलेक नुसत्या हातांनी जेवायचं आणि दारू प्यायचं नाटक करतात. आमच्या तालमीत 'वस्तू नसताना वस्तू दाखवा' म्हणून तासन्‌तास घालवतात. त्यापेक्षा हा प्रसंग दाखवावा.

किहाचीच्या याच मालिकेतला 'हाकोइरी मुसुमे' हाही १९३५ चा, पण तो आज उरलेला नाही. वहीत त्याची ओळ लिहा आणि पुढं जागा कोरी सोडा. त्या काळची नायट्रेटची फिल्म पेट घेते, सडते. युद्धात तर काय काय गेलं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांतलंही फारच थोडं हाताशी राहिलंय. ज्या नटाची निम्मी कामं गेलीत त्याच्याबद्दल "तो नेहमी असाच करायचा" असं ठोकून देऊ नये.

१९३६ साली कामाताचा स्टुडिओ ओफुना या गावी गेला, ओझुनं बोलपट सुरू केले. तुम्ही एकदम १९४७ वर उडी मारा, 'नागाया शिन्शिरोकु'. साकामोतो इथंही किहाचीच आहे, पण आता शेजारी. मधला माणूस पुन्हा कडेला गेलाय आणि त्याची काही तक्रार दिसत नाही. आपल्याकडं एकदा नायक केलेला नट पुढं बारीकसं काम घ्यायला तयार होत नाही, ते राहू दे.

या सिनेमात मधोमध आहे इइदा चोको, जन्म १८९७ चा. 'देकिगोकोरो'तली खानावळवाली आणि 'उकिगुसा'तली ती जुनी बाईही तीच. पुढचा माग तिचा काढा. वेगळी वही नको, हीच उलटी करून मागच्या पानापासून सुरू करा. निम्मे सिनेमे बघून झालेलेच आहेत.