शाळा उघडण्याच्या निर्णयासाठी गणिती प्रारूप कसे वापरावे

कोविडसारख्या साथीत ‘शाळा कधी उघडावी?’ या प्रश्नाचे उत्तर गणिती प्रारूप, म्हणजे साथ कशी पसरेल याची आकड्यांत केलेली मांडणी, देत नाही. गावात संसर्ग इतका असताना, या इयत्ता, एवढ्या पटसंख्येने बोलावल्या तर पुढच्या दोन महिन्यांत काय होऊ शकेल, याचे उत्तर ते देते. म्हणून प्रश्नही तसाच मांडावा.

आधी खऱ्या संसर्गाचा अंदाज घ्यावा, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, आढळली. या मुलांना तेव्हा लस मिळालेली नव्हती, आणि देशात नोंदलेले एकूण रुग्ण लोकसंख्येच्या तीन टक्क्यांपर्यंतही पोहोचले नव्हते. त्याच जुलैत महाराष्ट्राने, महिनाभर रुग्ण न आढळलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्यास परवानगी दिली. असा निकष लावताना चाचण्या किती झाल्या हे विचारलेच पाहिजे. एकही बाधित सापडला नसेल, तेव्हा तीनला चाचण्यांच्या संख्येने भागले की संसर्गाची वरची मर्यादा ढोबळमानाने कळते: सरसकट निवडलेल्या ३० जणांत एकही बाधित नसला, तरी गावात दहा टक्क्यांपर्यंत संसर्ग असू शकतो, ३०० जणांत नसला, तर एक टक्क्यापर्यंत.

यानंतर शाळेत बाधित व्यक्ती येण्याची शक्यता काढावी. हजारात एक बाधित असेल, तर ०.९९९ ला पटसंख्येइतक्या वेळा स्वतःनेच गुणून आलेली संख्या एकातून वजा करावी. चारशेच्या शाळेत ही शक्यता सुमारे ३३ टक्के येते, चाळीसच्या वर्गात चार टक्के. वर्ग निम्मा केल्याचा लाभ मात्र निम्म्याहून मोठा असतो: संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि चाळीस मुलांत अशा ७८० जोड्या होतात, विसांत फक्त १९०. एका बाकावर एकच मूल बसवण्याच्या नियमाला हे गणित बळ देते.

एक बाधित सरासरी किती जणांना संसर्ग देतो, हा आकडा गावात ०.८ असेल, तर शाळेमुळे त्यात ०.१ आणि ०.३ अशी दोन्ही टोके मिळवून पाहावीत. एकाच अंदाजावर कधीही विसंबू नये. ०.९ आल्यास साथ ओसरत राहील; १.१ आल्यास, संसर्गाची एक पिढी, म्हणजे एकाला संसर्ग झाल्यापासून त्याच्याकडून दुसऱ्याला होईपर्यंतचा काळ, पाच दिवसांची धरली, तर रुग्ण दुप्पट व्हायला सुमारे पाच आठवडे लागतील. त्यामुळे पहिले दोन आठवडे शांत गेले म्हणून निर्णय बरोबर ठरला, असे मानणे धोक्याचे आहे.

शाळा बंद राहिल्याने बुडणारे शिक्षण, मध्यान्ह भोजनाला मुकणारी मुले आणि घाईने लावून दिली जाणारी मुलींची लग्ने या प्रारूपात कुठेच मोजली जात नाहीत. त्याच्या आकड्यांइतकेच वजन देऊन हे नुकसान बैठकीत मांडले गेलेच पाहिजे. कोणता आकडा ओलांडल्यास कोणता वर्ग किती दिवस घरी राहील, हे शाळा उघडण्यापूर्वीच पालकांना लेखी कळवावे, आणि दर आठवड्याला हजेरीपटावरील आजारपणाच्या नोंदी घेऊन गणित पुन्हा करावे.