क्रिकेट कार्डं जमवायची, पण हौसेखातर

अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मँटलचं चित्र असलेलं १९५२ सालचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. अशी बातमी वाचून कार्डं घ्यायला निघाला असाल, तर आधी तिची दुसरी बाजू पाहा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लोकांनी पुढे भाव येईल म्हणून कार्डांची खोकीच्या खोकी जपून ठेवली. कंपन्यांनीही ती अमाप छापली, आणि आज त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. म्हणून कार्ड घ्यायचं ते आपल्याला आवडतं म्हणूनच.

सुरुवातीला विषय ठरवा. ‘सगळी क्रिकेट कार्डं’ हा विषय होऊ शकत नाही, त्याला अंतच नाही. एखादा खेळाडू घ्या, एखादा संघ किंवा डावखुरे वेगवान गोलंदाज घ्या: वसीम अक्रम, चमिंडा वास, आपला श्रीरामपूरचा झहीर खान. स्मृती मानधनापासून सुरुवात करून महिला क्रिकेटपटूंची कार्डंही जमवता येतील. मला असा छोटा, स्वतः ठरवलेला विषय कंपनीच्या छापील यादीपेक्षा केव्हाही जास्त आवडतो, कारण त्यात शोधायची मजा असते.

मग कार्डांची पाकिटं घ्या, पण थोडीच. आत कोणती कार्डं आहेत ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. समजा संच १०० कार्डांचा आहे आणि प्रत्येक कार्ड सारख्याच संख्येने छापलंय. तरी नुसती पाकिटं फोडून तो पुरा करायला सरासरी सुमारे ५१९ कार्डं लागतात, आणि त्यातलं शेवटचं एक मिळवायलाच सरासरी १००! त्यामुळे निम्मा संच झाला की पाकिटं थांबवा. उरलेली कार्डं अदलाबदल करून मिळवा, नाहीतर सुटी विकत घ्या. महिन्याचा खर्च आधीच ठरवून टाका.

कार्ड हातात आलं की ते कडेने धरा. पातळ प्लॅस्टिकच्या कव्हरचं तोंड किंचित दाबून उघडा, कार्डाचा एक कोपरा आधी आत सरकवा, मग दुसरा. कोपरे दुमडतात ते याच वेळी घाई केल्याने. नेहमीचं कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असतं. त्याच्यासाठी नऊ खणांची पानं असलेला फोल्डर मिळतो. पानं पॉलिप्रोपिलीनची घ्या, पीव्हीसीची नकोत. रबरबँड तर अजिबात नको, कडांवर कायमचा वळ पडतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कार्डं ओल धरून वाकतात. फोल्डर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आता कार्डाची मागची बाजू वाचा. बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत. तिथे आकडेवारी असेल तर ती छापण्याच्या वेळेपर्यंतचीच असते. पुढे हजारो धावा करणारा फलंदाज तिथे चार-पाच सामन्यांचा नवखा असतो. छपाईचं साल बहुधा खाली बारीक अक्षरांत सापडतं. ते, कार्ड कुणाकडून आलं आणि बदल्यात काय दिलं, हे वहीत टिपून ठेवा.

जास्तीची कार्डं वेगळ्या डब्यात ठेवा, अदलाबदलीला तीच कामी येतात. समोर लहान मूल असेल तर दुर्मीळ कार्ड कोणतं ते त्याला आधी सांगा आणि मगच सौदा करा.