जुन्या इमारतींसाठी चुन्याचा माल कसा तयार करावा

मुंबईच्या फोर्ट परिसरातील मालाड किंवा कुर्ला दगडाच्या भिंतींच्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरलेल्या दिसल्या की वाईट वाटते, कारण भिंतीत शिरलेली ओल कठीण सिमेंटमधून सहज बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून वाट काढते, आणि तिच्यासोबत आलेले क्षार तिथेच साठून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दरजेतला माल, म्हणजे सांधे भरायचे मिश्रण, दगडापेक्षा मऊ असला पाहिजे. झिजायचेच तर मालाने झिजावे, दगडाने नव्हे.

म्हणून काम जुन्या मालापासून सुरू करावे. भिंतीच्या आतल्या भागातून त्याचा लहान तुकडा काढून, वाळवून, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावा. चुना विरघळतो आणि वाळू व सुरखी (विटांची भुकटी) तळाशी उरते. त्यांचा रंग, जाडी आणि प्रमाण यांवरून नव्या मालाची कृती ठरते. मात्र शिंपल्यांचे कणही आम्लात विरघळतात, त्यामुळे तुकडा आधी भिंगाखाली पाहून घ्यावा.

चुना विरवणे, म्हणजे पाण्यात टाकून त्याचा लगदा करणे, हा या कामाचा प्राण आहे. कळीचा चुना (भट्टीत भाजलेला, पाणी न लागलेला) ताजा आणि ढेकळांच्या रूपातला घ्यावा. हवेत भुकटी झालेला चुना मुंबईच्या दमट हवेत बराचसा निकामी झालेला असतो. टाकीत आकारमानाने सुमारे तिप्पट पाणी घेऊन त्यात ढेकळे थोडी थोडी सोडावीत. चुन्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण उष्णतेने पाणी उकळून उसळते आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. चष्मा व रबरी हातमोजे घातल्याशिवाय टाकीजवळ कुणालाही येऊ देऊ नये. लाकडी दांड्याने ढवळत राहावे, मग लगदा बारीक चाळणीतून गाळावा आणि वर सतत पाण्याचा थर ठेवून किमान दोन आठवडे, जमल्यास तीन महिने मुरू द्यावा. घाईत न विरलेला एखादा कण राहिला, तर तो पुढे गिलाव्यात फुगून खड्डा पाडतो.

खाडीची वाळू, कितीही स्वस्त मिळाली तरी, वापरू नये. तिच्यातले मीठ धुतल्यावरही पूर्ण जाईल याची खात्री नसते. सुरखी मंद भाजलेल्या विटांची असावी, कारण अति भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी संयोग पावत नाही. दरजांसाठी सर्वसाधारणपणे १ भाग चुना, १ भाग सुरखी आणि २ भाग वाळू हे प्रमाण चालते, पण शेवटचा शब्द जुन्या मालाचा. गूळ, बेलफळ किंवा हिरडा यांचे पाणी जुन्या कृतींत आढळते. नमुन्यावर पारखल्याशिवाय ते घालू नये.

माल चुन्याच्या घाणीत (मिश्रण घोटण्याच्या घाण्यात) किंवा चक्कीत घोटावा आणि पाणी वाढवून सैल करण्याचा मोह टाळावा, कारण जास्तीच्या पाण्याने भेगा पडतात. सुरखीचा माल त्याच दिवशी संपवावा. दरज स्वच्छ करून भिंत ओली करावी, माल थापीने दाबून भरावा आणि नंतर ओल्या गोणपाटाने किमान दहा दिवस झाकून ठेवावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून महिनोन्महिने घट्ट होत राहतो, म्हणून काम पावसाळा संपताच हाती घ्यावे. मे महिन्यात एखादी दरज किंचित खरवडून तिच्यावर फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाकावा: जिथे गुलाबी रंग उमटेल तिथला चुना अजून कच्चा आहे आणि पहिल्या सरींपूर्वी त्या भागावर आडोसा लावावा लागेल.