शेअर घेण्याआधी येणी बघा

सांगलीतल्या एका बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी झाली. फाउंड्र्या, यंत्रमाग, हळदीचे व्यापारी यांची कॅश क्रेडिटची, म्हणजे माल आणि उधारीच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलायच्या कर्जाची, प्रकरणं माझ्याकडे असायची. महिन्याच्या महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि उधारीचा तपशील, यायचं, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती पैसे उचलू द्यायचे तो आकडा, काढायची, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी दिसली की ती सरळ वगळायची. स्वतःचे पैसे शेअरमध्ये घालायला लागले तेव्हा मी हीच नजर ठेवली. आजही कोणी एखाद्या शेअरबद्दल विचारलं की मी आधी स्वतःला विचारते, या कंपनीला मी कर्ज दिलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर तिचा भाव स्वस्त आहे की महाग, या प्रश्नात मी शिरतच नाही.

सुरुवात दहा वर्षांच्या दोन बेरजांनी करा. एक करोत्तर नफ्याची, दुसरी व्यवसायातून आलेल्या रोख रकमेची. दोन्ही आकडे वार्षिक अहवालात असतात, आणि अहवाल कंपनीच्या किंवा बीएसईच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. रोखीचा आकडा काढताना घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी नफ्यातून वजा केलेली रक्कम) आणि व्याज परत मिळवलेलं असतं, त्यामुळे कारखानदारी कंपनीत ही बेरीज नफ्यापेक्षा जास्तच यायला हवी. धंदा झपाट्याने वाढत असेल तर माल आणि उधारीत पैसा अडकतो, तेवढी सूट मी देते. पण दहा वर्षांत नफा ५०० कोटी आणि हातात आलेली रोख २०० कोटी असेल, तर उरलेला नफा कुठे आहे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा तो येण्यांत, म्हणजे गिऱ्हाइकांकडून अजून यायच्या पैशांत, सापडतो.

येणी बघायची तर ताळेबंदातल्या एका आकड्यावर थांबू नका, त्याखालची टीप उघडा. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना येण्यांचं वय द्यावं लागतं : सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची. वादात अडकलेली येणी वेगळी दाखवावी लागतात. मला हा तक्ता अख्ख्या अहवालात सगळ्यात बोलका वाटतो. मागच्या वर्षीचा तक्ता शेजारी ठेवून वाचा. गेल्या साली ‘एक ते दोन’मध्ये असलेली रक्कम यंदा जवळपास तशीच ‘दोन ते तीन’मध्ये सरकलेली दिसली, तर ते गिऱ्हाईक पैसे देत नाहीये, हे कोणी न सांगता कळतं. मग बुडीत येण्यांसाठी तरतूद किती केली आहे ते बघा. तरतूद नसेल तर आजचा नफा फुगवलेला आहे.

त्याच अहवालात आणखी एक टीप असते, ती फार लोक वाचत नाहीत. बँकेला दर तिमाहीला दिलेली स्टॉक स्टेटमेंट आणि कंपनीची स्वतःची पुस्तकं जुळतात का, हे आता जाहीर करावं लागतं. जुळत नसतील तर फरक किती आणि कशामुळे, हेही. लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या जोडपत्रातही हा मुद्दा येतो. थोडाफार फरक राहणारच, कारण स्टेटमेंट घाईत पाठवलं जातं आणि काही नोंदी नंतर होतात. पण चारही तिमाहींत बँकेला दाखवलेला माल पुस्तकांपेक्षा जास्त असेल, तर कंपनी जास्त मर्यादा मिळवण्यासाठी माल वाढवून दाखवत असल्याची दाट शक्यता असते. बँकेच्या टेबलावर बसून मी हे शोधायचे तेव्हा गोदामात जावं लागायचं. आता ते घरी बसून वाचता येतं, तर वाचाच.

पुढची पायरी पतमानांकनाची, म्हणजे कंपनी कर्ज फेडू शकेल का याला दिलेल्या श्रेणीची. ती देणाऱ्या क्रिसिल, इक्रा, केअर या संस्थांची टिपणं त्यांच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली असतात. कंपनीच्या सादरीकरणात कधी दिसणार नाहीत अशा गोष्टी तिथे असतात. ठरावीक एक-दोन ग्राहकांवर किती भिस्त आहे, कच्च्या मालाच्या दरवाढीचा बोजा पुढे ढकलता येतो का, गेल्या बारा महिन्यांत बँकेची मर्यादा सरासरी किती टक्के वापरली. हा वापर ९०-९५ टक्क्यांवर असेल तर कंपनी श्वास रोखून चालली आहे असं समजा. आणि ‘कंपनी माहिती देत नाही’ असा शेरा दिसला, तर माझ्यापुरतं प्रकरण तिथेच बंद.

प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्या मालकांचे, किती शेअर गहाण आहेत, ते तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात मिळतं. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहारही बघा, विशेषतः प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांना दिलेली उसनवारी.

रोख शिल्लक भरपूर दिसली तरी एक तपासणी राहते. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक मुळात नव्हतीच, हे बाहेर आलं. म्हणून इतर उत्पन्नातलं व्याज घ्या आणि त्याला वर्षभराच्या सरासरी शिल्लकेने भागा. बँका सात टक्के देत असताना कंपनीला दोनच टक्के सुटत असतील, किंवा हाताशी रोख असूनही ती महागडं कर्ज काढत असेल, तर त्याचं पटेल असं कारण मिळायला हवं. सत्यमने तर खोटं व्याजही दाखवलं होतं, त्यामुळे ही एकच तपासणी पुरेशी नाही. वरच्या सगळ्या मिळून करायच्या.

आता भाव. मी ‘योग्य किंमत’ काढायला बसत नाही, आजच्या भावात काय गृहीत धरलंय ते काढते. समजा, कंपनीचं बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून आजच्या भावाने किंमत) २,००० कोटी आणि नफा ८० कोटी, म्हणजे पी-ई, नफ्याच्या किती पट किंमत तो आकडा, २५. मला वर्षाला १२ टक्के परतावा हवा आहे. दहा वर्षांत १२ टक्क्यांनी पैसे ३.१ पट होतात, म्हणजे बाजारमूल्य साधारण ६,२०० कोटी व्हायला हवं. तोवर कंपनी मोठी आणि संथ झालेली असेल, म्हणून शेवटचा पी-ई मी १८ धरते. ६,२०० ला १८ ने भागलं की सुमारे ३४५ कोटी नफा लागतो. ८० वरून ३४५, म्हणजे सलग दहा वर्षं वर्षाला पावणेसोळा टक्के वाढ.

मग इतिहास बघायचा. मागच्या दहा वर्षांत नफा ११ टक्क्यांनी वाढला असेल, तर पुढे पावणेसोळा का होईल? नवा कारखाना, नवं उत्पादन, कमी झालेलं कर्ज, असं काही बोट ठेवून दाखवता येत असेल तर ठीक. नसेल तर उलट हिशोब करा. ११ टक्क्यांनी दहा वर्षांनी नफा २२७ कोटी, १८ च्या पी-ईने मूल्य सुमारे ४,१०० कोटी, आणि ३.१ ने भागलं की आज त्याचे १,३०० कोटी. लाभांश धरला तर थोडे जास्त. आजचा भाव २,००० चा आहे, म्हणजे मी थांबते. वहीत कंपनीचं नाव आणि १,३०० हा आकडा लिहून ठेवते.

चक्राकार, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांत चालणाऱ्या धंद्यांत हा हिशोब एका वर्षाच्या नफ्यावर करू नका. साखर, पोलाद यांत पी-ई सगळ्यात कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना, आणि तेव्हाच घेणारे अडकतात. सात-आठ वर्षांचा सरासरी नफा घ्या. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या शेअरची चर्चा घरोघरी असते, पण तिथे उसाचा दर सरकार ठरवतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने हंगामाच्या मध्येच निर्बंध आणले. अशा धंद्याला मी अंतिम पी-ई १८ कधीच देणार नाही. बँका आणि वित्त कंपन्यांना तर वरची रोखीची पद्धत लागूच होत नाही. तिथे पुस्तकी मूल्य, थकीत कर्जं आणि त्यांवरची तरतूद बघायची.

शेअर घेतल्यावर दर तिमाहीला सगळं उकरायची गरज नाही. जून आणि डिसेंबरच्या निकालांत बहुधा ताळेबंद नसतो, विक्री आणि नफाच कळतो. सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांसोबत ताळेबंद आणि रोख प्रवाह द्यावाच लागतो. ते दोन निकाल आले की आधी येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढली का ते बघा, मग रोख, आणि त्यानंतर नफा. येण्यांची वाढ सलग दोन वेळा विक्रीच्या पुढे गेली आणि व्यवस्थापनाने निकालानंतरच्या गुंतवणूकदारांसोबतच्या कॉलवर त्याचं धड उत्तर दिलं नाही, तर मी निम्मे शेअर विकते आणि उरलेल्यांचा निर्णय वार्षिक अहवालातला येण्यांच्या वयाचा तक्ता हातात आल्यावर घेते.