पावसाळ्यात खुराड्याला वास सुटला, तर आधी ओल शोधा

झड लागली की परसातल्या खुराड्याला वास सुटतो आणि हात आधी जातो तो चुन्याकडे, नाहीतर राखेकडे. घोळ तिथूनच सुरू होतो. कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. खुराड्यात खाली अंथरलेल्या तुसाच्या गादीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा) ७ च्या खाली असेल तर हा अमोनिया बराचसा गादीतच अडकून राहतो. ८ च्या वर गेला की वायू होऊन सुटतो. चुना, राख आणि खाण्याचा सोडा तिन्ही सामू वाढवतात. त्यामुळे ओल्या गादीवर ते भुरभुरले की वास कमी व्हायच्या ऐवजी भडकतो. चुना वापरायचाच असेल तर गादी पूर्ण काढून, कोंबड्या बाहेर ठेवून, उघड्या जमिनीवर. राख धूळ-आंघोळीच्या कोरड्या खड्ड्यात टाका, तिथे ती कामाची.

आता पाण्याचा हिशेब बघा. अंड्यावरच्या दहा कोंबड्या दिवसाला किलोभर किंवा थोडी जास्तच विष्ठा टाकतात आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. म्हणजे पावसाचा थेंबही आत आला नाही तरी रोज पाऊण लिटरभर पाणी गादीत उतरते. कोरड्या दिवसांत ते उडून जाते. पावसाळी दमट हवेत ते तिथेच मुरते, आणि वर पाणभांड्यातले सांडलेले पाणी, पागोळ्यांचे शिंतोडे यांची भर पडते.

वास कसला आहे यावरून जागा सापडते. डोळे चुरचुरवणारा, नाकात झोंबणारा वास अमोनियाचा. गादी ओली आहे. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे कुठेतरी पाणी साचून गादी हवेविना कुजते आहे. आंबूस वास आला तर खाद्याच्या भांड्याखाली बघा, सांडलेले खाद्य भिजून आंबलेले सापडेल. आणि वास घ्यायचा तो उभ्याने नाही. दारे रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी उघडताना कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला उकिडवे बसून घ्या. रोज आत वावरणाऱ्याचे नाक सरावते, म्हणून अधूनमधून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाकायला लावा. डोळ्यांत पाणी आले तर अमोनिया कोंबड्यांना नक्कीच बाधतो आहे: डोळे सुजणे, शिंका, तळपायाला खपल्या, अंडी कमी होणे हे त्याचेच परिणाम.

गादीची परीक्षा मुठीने करा. मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. किंचित चिकटून लगेच सुटला तर ठीक. तेव्हा ओलावा साधारण २० ते २५ टक्के असतो. अजिबात चिकटलेच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी, तीही श्वासाला वाईटच. एकाच जागी दाबून फसू नका. पाणभांड्याजवळ, बसायच्या दांडीखाली, दाराशी आणि भिंतीच्या कडेला, अशा चार जागा तपासा.

बहुतेक खुराड्यांत दोषी पाणभांडेच निघते. त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवी. खाली असेल तर त्या पाणी उडवतात, पाय घालतात, तूस ढकलतात. भांडे विटांवर ठेवलेल्या जाळीवर ठेवा आणि जाळीखाली पसरट ताट सरकवा, म्हणजे सांडलेले गादीत न जाता ताटात जमेल. निप्पल (चोच लावली की पाणी सोडणाऱ्या बारीक तोट्या) लावले असतील तर रोज एकदा त्यांच्याखाली हात फिरवा. एक गळका निप्पल रात्रभरात हातभर जागा चिखल करतो. छपराची वळचण भिंतीपासून निदान ३ फूट पुढे आणि पागोळ्यांखाली चर, एवढे असले की बाहेरचे पाणी बहुतेक आत येत नाही. जमीन आजूबाजूपेक्षा अर्धा ते एक फूट उंच नसेल तर ओल खालून चढते, मग वरून कितीही तूस घाला.

पावसाच्या भीतीने खुराडे चहूबाजूंनी ताडपत्रीत गुंडाळणे ही दुसरी मोठी चूक. दमट हवा आणि अमोनिया आतच कोंडतात. ताडपत्री खालच्या बाजूने बांधून वर आणा आणि छताखालची वीतभर तरी पट्टी समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना उघडी, जाळी लावून ठेवा. हवा कोंबड्यांच्या डोक्यावरून जायला हवी, दांडीवर बसलेल्यांच्या अंगावर झोताने येता कामा नये. वारा फिरला की ज्या बाजूने सर येते तेवढीच बाजू जास्त झाका.

रात्रीची विष्ठा सारी दांडीखाली एका रेषेत पडते. तिथे वीतभर खाली फळी किंवा पत्रा लावून त्यावर थोडा भुसा पसरा आणि रोज सकाळी खरवडून उचला. पाच मिनिटांच्या या कामाने गादीवरचा भार खूप कमी होतो. पावसाळ्यात एवढे एकच काम जमत असेल तर हेच करा.

गादीसाठी भाताचे तूस किंवा लाकडाच्या शेव्हिंग्ज (रंध्याने निघालेले छिलके) चांगल्या. बारीक करवती भुसा धूळ करतो आणि भिजला की थापतो. थर ४ ते ६ इंच. दाताळ्याने दर दोन-तीन दिवसांनी हलवा, पण कोंबड्या बाहेर असताना आणि सकाळी, कारण हलवताना अडकलेला वायू एकदम सुटतो. थापून बसलेल्या ओल्या ढेपा मोडून पुन्हा मिसळू नका, उचलून बाहेर टाका आणि तिथे कोरडे तूस भरा. ओल्यावर नुसता नवा थर घातला तर दोन दिवस बरे वाटते, खाली मात्र कुजणे चालूच राहते. प्रत्येक कोंबडीला आत निदान ३ ते ४ चौरस फूट जागा नसेल तर कुठलीच गादी टिकत नाही.

काढलेला माल खुराड्याला टेकून रचू नका. एक घमेले विष्ठेला दोन घमेली कोरडा पालापाचोळा किंवा भुसा मिसळून, झाकून, दूर ढीग करा आणि आठवड्याने उलटा. ढिगालाच अमोनियाचा वास आला तर पाचोळा कमी पडला आहे.

विष्ठेकडेही लक्ष असू द्या. दिवसातून दोन-तीनदा येणारी तपकिरी, चिकट, घाणेरड्या वासाची विष्ठा आंधळ्या आतड्यातली असते, तो आजार नव्हे. सगळ्याच कोंबड्यांची विष्ठा पातळ झाली तर खाद्यातले मीठ, बुरशी आणि गरजेपेक्षा जास्त प्रथिने तपासा. न वापरलेली प्रथिने यूरिक आम्ल होऊनच बाहेर पडतात. विष्ठेत रक्त दिसले तर तो रक्ती हगवणीचा इशारा समजून पशुवैद्यकाला दाखवा.

फिनाईल, अगरबत्ती, सुगंधी फवारे खुराड्यात नकोत. त्यांनी ओल जात नाही, आणि कोंबड्यांच्या श्वासाला त्रास होतो तो वेगळाच. ब्लीचिंग पावडर तर विष्ठेवर कधीच टाकू नका: अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. जमीन खरवडून, धुऊन, पाणी निथळल्यावरच, दारे उघडी ठेवून तिचे द्रावण वापरा, आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्या आत घेऊ नका.